वटवाघळांच्या रक्तातले बिऱ्हाडकरू

वाशीम जिल्ह्यात दिवेलागणीला कुठल्याही तळ्याच्या पाळीवर उभं राहावं. पाच-दहा मिनिटांत दोन तऱ्हेची वटवाघळं नजरेला पडतात. एक चिमणीहून लहान, पाण्यावर चिलटांमागं वेडीवाकडी वळणं घेणारं. काही भागांत त्याला पाकोळीही म्हणतात. दुसरं मोठं वाघूळ, उंचावरून संथपणे उंबराच्या नाहीतर मोहाच्या दिशेनं निघालेलं, पंख पसरले तर चार फूट भरतील एवढं. पहिलं किड्यांवर जगतं, दुसरं फळाफुलांवर. दोघांचं खाणं वेगळं, राहणं वेगळं. तरी या कुळातल्या प्राण्यांना जोडणारी एक गोष्ट आहे, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जगभरच्या वटवाघळांच्या रक्तात, कधी तांबड्या पेशींच्या आत तर कधी त्यांच्या अवतीभवती पोहत, एकपेशीय जीव राहतात. हे पुस्तक त्या जीवांविषयी आहे.

हा विषय कुणाला सांगितला की एक प्रश्न हमखास येतो: ‘त्यानं आम्हाला रोग होतो का?’ प्रस्तावनेत उत्तर दडवून ठेवण्यात अर्थ नाही. वटवाघळांच्या रक्तात हिवतापाच्या जंतूंचे जे भाऊबंद राहतात, त्यांच्यामुळं माणूस आजारी पडल्याची नोंद नाही. ते वटवाघळांचे आहेत, आणि वटवाघळांतही ज्याची त्याची जात ठरलेली आहे. मला या पानांत एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: रक्तातला परजीवी हा वटवाघळाविरुद्धचा पुरावा नव्हे. तो त्या प्राण्याच्या कुळाचा, सोबत्यांचा आणि घराचा दाखला आहे. तो वाचता आला पाहिजे, आणि तो वाचण्याआधी झाड तोडून टाकणं हे आपलं नुकसान आहे.

मी प्राणिशास्त्र शिकवलं, पण रक्त वाचायला शिकलो ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियनकडून. हिवतापाच्या काचपट्ट्या तपासण्यात त्यांची उमर गेली होती. बोटाच्या टोकाला सुई टोचून काचेवर थेंब घ्यायचा, एकीकडं त्याचा जाड थर आणि दुसरीकडं दुसऱ्या काचेच्या कडेनं ओढलेला पातळ थर. जाड थरात जंतू आहे की नाही ते कळतं, पातळ थरात तो कुठला ते कळतं. मग रंग. आपल्याकडं वर्षानुवर्षं वापरात असलेला जेएसबी हा रंग जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या भारतीय शास्त्रज्ञांनी 1944 मध्ये तयार केला. तो देशभरच्या आरोग्य केंद्रांत पोचला, आणि ज्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येई तिथंही रक्त वाचणारा माणूस तयार झाला. या कामाचं मोल आपण पुरेसं केलेलं नाही असं मला मनापासून वाटतं. रंग बसला की हिवतापाचा कोवळा जंतू तांबड्या पेशीत खड्याच्या अंगठीसारखा दिसतो: निळं कडं, त्यावर लाल खडा. जंतू वाढतो, पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि त्याचे न पचलेले तपकिरी-काळे कण आत साठवतो. ज्यानं ही अंगठी आणि हे काळे कण एकदा नीट पाहिले, त्याला वटवाघळाच्या रक्ताची काचपट्टी परकी वाटत नाही. तिथंही तेच रंग दिसतात, तसेच काळे कण दिसतात. अंगठी मात्र बहुतेक वेळा दिसत नाही. ती का दिसत नाही, यातच या विषयाचं मर्म आहे; त्याकडं येतोच.

आधी थोडा इतिहास. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटाच्या भिंतीवर हिवतापाचा जंतू सापडला. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा सगळा प्रवास, डासाच्या पोटापासून त्याच्या लाळेपर्यंत, उलगडून दाखवला. त्याच काळात इटलीतले संशोधक रोमभोवतालच्या दलदलीत हिवतापाचा पाठलाग करत होते. त्यांच्यातले अंतोनियो दिओनिसी वटवाघळांच्या रक्ताकडं वळले, आणि 1898-99 मध्ये त्यांनी तांबड्या पेशींत राहणारे परजीवी वर्णन केले. त्यांतल्या एका प्रजातीला त्यांनी पॉलिक्रोमोफिलस हे नाव दिलं. तिच्या एका जातीचं नाव मेलॅनिफेरस, म्हणजे काळं वाहून नेणारा. हे काळं म्हणजे तेच हिमोग्लोबिनचे उरलेले कण. म्हणजे माणसाच्या हिवतापाचं कोडं सुटलं त्याच दोन-तीन वर्षांत वटवाघळांच्या रक्ताचाही अभ्यास सुरू झाला. पण माणसाचा हिवताप माणसं मारत होता, वटवाघळांचा कुणालाच मारताना दिसत नव्हता. पैसा आणि माणसं पहिल्याच्या मागं गेली, ते रास्तच होतं. दुसरा विषय मात्र पुढं कित्येक दशकं मोजक्या लोकांच्या वह्यांत पडून राहिला.

आज वटवाघळांच्या रक्तात हिवतापवर्गातल्या चार प्रजाती प्रामुख्यानं ओळखल्या जातात: प्लास्मोडियम, हेपॅटोसिस्टिस, पॉलिक्रोमोफिलस आणि निक्टेरिया. माणसाला हिवताप देणारे जंतू पहिल्या प्रजातीतले. या चौघांत फरक काय, हे समजून घ्यायला हिवतापाच्या रोग्याची थंडी आठवावी. आपल्या रक्तात प्लास्मोडियम एका तांबड्या पेशीत शिरतो, तिथं वाढतो, अनेक तुकड्यांत विभागतो, पेशी फोडतो, आणि बाहेर पडलेला प्रत्येक तुकडा नवी पेशी गाठतो. एकाच वेळी अशा असंख्य पेशी फुटतात तेव्हा दातावर दात आपटणारी थंडी भरते, मग ताप चढतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. हिवतापाचं सगळं दुखणं या फुटण्यात आहे.

हेपॅटोसिस्टिस, पॉलिक्रोमोफिलस आणि निक्टेरिया रक्तात हे करत नाहीत. त्यांची वाढ नि विभागणी होते ती यकृतासारख्या अवयवांत. हेपॅटोसिस्टिसच्या गाठी तर यकृतावर पांढऱ्या ठिपक्यांसारख्या नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, त्याच्या नावातही यकृत आहे. रक्तात उतरतात त्या फक्त त्यांच्या नर-मादी पेशी. त्या तांबड्या पेशीत शिरून तिथंच गप्प बसतात आणि कुणीतरी रक्त शोषणारा कीटक येऊन त्यांना उचलून नेईल याची वाट पाहतात. म्हणून काचपट्टीवर अंगठ्यांची गर्दी दिसत नाही. दिसतात त्या पेशीभर पसरलेल्या, काळ्या कणांनी भरलेल्या गोल आकृती. पेशी फोडत सुटणं नाही, म्हणून थंडीताप नाही. रक्ताच्या पेशींत परजीवी असलेलं वटवाघूळ रात्रभर उडतं, पिलाला दूध पाजतं, पहाटे परत येऊन उलटं लटकतं. या जीवांना मी बिऱ्हाडकरू म्हणतो ते यासाठी. भाडं थोडं, पण घर पाडायचं नाही, हा त्यांच्यातला फार जुना करार आहे.

या बिऱ्हाडकरूंना एका घरातून दुसऱ्या घरात नेणारं वाहन हा या विषयातला मला सगळ्यांत आवडणारा भाग. पॉलिक्रोमोफिलस डासांतून जात नाही. त्याला नेते ती वटवाघळांच्या अंगावर राहणारी माशी. माशी म्हटलं तरी ती माशी वाटत नाही. तिला पंख नाहीत, डोकं पाठीवर वळवून ठेवलेलं, आणि लांब पाय केसांतून इतक्या चपळाईनं चालतात की पाहणाऱ्याला कोळीच वाटावा. ती जन्मभर वटवाघळाच्या लवेत राहते आणि त्याचंच रक्त पिते. ती अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात पूर्ण वाढवते, आणि जन्म द्यायची वेळ आली की वटवाघळाच्या अंगावरून उतरून गुहेच्या भिंतीवर तिला चिकटवून येते. तिथं तिचा कोश होतो, आणि त्यातून निघालेली नवी माशी जवळ लटकलेल्या वटवाघळावर चढते. म्हणजे वटवाघूळ, माशी, परजीवी आणि गुहेची भिंत असं हे चौघांचं घर आहे. यातली भिंत जरी बदलली, त्या गुहेत दिवे लावले, चुना फासला, तरी साखळी तुटते. वटवाघूळ रक्त पितं अशी समजूत आपल्याकडं अजून आहे. भारतात रक्त पिणारं एकही वटवाघूळ नाही. इथं रक्त प्यायलं जातं ते वटवाघळाचं.

हेपॅटोसिस्टिसची वाट निराळी. माकडांच्या हेपॅटोसिस्टिसवर केनियात काम करताना पी. सी. सी. गार्नहॅम यांनी दाखवलं की त्याला नेतात ती क्युलिकॉइडस नावाची बारीक चिलटं. आपल्या धनगरांना ही चिलटं वेगळ्या कारणानं ठाऊक आहेत. मेंढ्यांचा ब्लू टंग रोग तीच पसरवतात. मोठ्या फलाहारी वाघळांत हेपॅटोसिस्टिस ऑस्ट्रेलियापासून आग्नेय आशियापर्यंत सापडतो. त्याचे भाऊबंद आपल्या वानरांत आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूतही नोंदले गेले आहेत. एकाच उंबरावर दिवसा वानर, रात्री वाघूळ, आणि खालच्या ओलीत चिलटं. जंगलातलं शेजारपण रक्तापर्यंत पोचतं ते असं.

2013 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांतून 31 जातींच्या 274 वटवाघळांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर सांगितलेल्या चारही प्रजाती सापडल्या. त्याहून मोठी गोष्ट जनुकांच्या तुलनेतून पुढं आली: तिथल्या वटवाघळांतले प्लास्मोडियम उंदरांच्या प्लास्मोडियमचे सख्खे नातलग निघाले. उंदरांचा प्लास्मोडियम बर्घेई हा जंतू 1948 मध्ये काँगोत सापडला होता, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत हिवतापाची औषधं नि लसी आधी त्याच्यावर तपासल्या जातात. जो जंतू आपण प्रयोगशाळेतला म्हणून ओळखतो त्याचं कुळ वटवाघळांच्या जंगलात मुरलेलं आहे. हेपॅटोसिस्टिसही वेगळं घराणं नसून प्लास्मोडियमच्याच वंशवृक्षाच्या आत बसतो, हेही आता स्पष्ट आहे. रक्तात विभागण्याची सवय त्यानं कधीतरी सोडून दिली. ती कशी सोडली हे कळलं, तर हिवतापाच्या जंतूला कुठं अडवायचं याबद्दल काही शिकता येईल. ‘याचा आम्हाला उपयोग काय?’ या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

वटवाघळांच्या रक्तातल्या दुसऱ्या घराण्याविषयी, ट्रिपॅनोसोमाविषयी, विदर्भातल्या वाचकाला अधिक जवळचं काही सांगता येतं. हे जीव पेशीत शिरत नाहीत. रक्तात मोकळे, शेपटी हलवत, माशासारखे पोहतात. वटवाघळांतल्या एका जातीचं नाव ट्रिपॅनोसोमा दिओनिसी आहे, आपल्या त्या इटालियन संशोधकाच्या सन्मानार्थ 1905 मध्ये दिलेलं. दक्षिण अमेरिकेत माणसांना होणाऱ्या शागास रोगाचा जंतू याच कुळातला. त्या जंतूचे पूर्वज वटवाघळांतून इतर प्राण्यांत आले असावेत, असं अनेक संशोधकांचं मत आहे.

आपल्याकडं या घराण्यातला जो जंतू शेतकऱ्याला माहीत आहे तो सर्ऱ्याचा. घोडे, उंट, म्हशी, बैल यांना होणारा हा रोग गोमाश्या पसरवतात. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माइलखान इथं त्याचा जंतू शोधला. रोग घडवणारा असा हा पहिला ट्रिपॅनोसोमा, आणि त्याला त्यांचंच नाव मिळालं, इव्हान्सी. सव्वाशे वर्षं तो जनावरांचाच मानला गेला. मग 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा ताप येऊ लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्ताची काचपट्टी पाहिली तेव्हा त्यात ट्रिपॅनोसोमा पोहत होते. तो सर्ऱ्याचा जंतू असल्याचं सिद्ध झालं, आणि माणसातली त्याची ती जगातली पहिली निश्चित नोंद ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सुरामिन हे औषध मिळालं, रोगी बरा झाला. पुढं त्या परिसरातल्या 1806 लोकांची तपासणी झाली. काहींच्या रक्तात प्रतिपिंडं दिसली, पण जंतू कुणाच्याही रक्तात दिसला नाही. असं का? माणसाच्या रक्तात एपोएल-1 नावाचं प्रथिन असतं, ते या जंतूला मारतं. त्या शेतकऱ्याच्या शरीरात जन्मतःच ते कामाचं नव्हतं. 2006 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि एका विदर्भातल्या माणसाच्या दुखण्यानं सगळ्या जगाला सांगितलं की आपल्या बाकीच्यांचं रक्षण रोज कोण करतं.

हा जंतू जनावरांतून आला, वटवाघळांतून नव्हे. दक्षिण अमेरिकेत मात्र तिथली रक्तपिपासू वटवाघळं सर्ऱ्याचा जंतू स्वतःच्या रक्तात बाळगतात आणि चावून पसरवतात. एकच जंतू, पण आपल्या गोठ्यात त्याला गोमाशी नेते आणि तिथं वटवाघूळ. परजीवीची वाट ठरते ती स्थानिक प्राण्यांवरून. म्हणूनच दुसऱ्या खंडातली माहिती उचलून आपल्या गावावर चिकटवता येत नाही. आपलं रक्त आपल्यालाच तपासावं लागतं.

उष्णकटिबंधातलं जंगल म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर ॲमेझॉन येतं. वाशीम सुमारे वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि काटेपूर्णा अभयारण्यातला साग, सालई, मोह, तेंदू हे सगळं वनशास्त्राच्या भाषेत उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी जंगलच आहे. उन्हाळ्यात ते उघडं पडतं, पावसाळ्यात चिलटा-डासांनी भरतं. अशा ठिकाणी परजीवीला कीटक वर्षभर सारखे मिळत नाहीत, मग त्याला रक्तात थांबून राहण्याची युक्ती लागते. सदाहरित जंगलात जे प्रश्न विचारताच येत नाहीत ते इथं विचारता येतात. आणि जंगलाबाहेरही वटवाघळं आहेतच: देवळांच्या शिखरांत, पडक्या वाड्यांत, विहिरींच्या कपारींत, गावाबाहेरच्या चिंचेवर. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. इथून राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या हरिषेणाच्या काळात त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. पुढं त्या लेण्यांत शतकानुशतकं वटवाघळं राहिली. त्यांच्या विष्ठेनं चित्रांचं नुकसान झालं हे खरं, आणि तिथून त्यांना हलवणंही गरजेचं होतं. पण ती कुणाच्या घरात घुसली नव्हती. माणसानं कोरलेली आणि माणसानंच सोडून दिलेली गुहा त्यांनी वापरली.

आता भीतीविषयी, कारण ती टाळून हा विषय मांडता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले आणि पुढच्या वर्षी त्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा असल्याचं जाहीर केलं. हे काम मोलाचं आहे. पण बातमी गावात पोचते तोवर विषाणू, जंतू, परजीवी सगळं एकच होतं, आणि कुऱ्हाड झाडाकडं वळते. विषाणू ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी काळजी घ्यावीच लागते. उष्टं फळ खाऊ नये. पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नये. वातावर तेल म्हणून, दम्यावर मांस म्हणून त्याला मारून कापणं तर पूर्ण थांबलं पाहिजे. त्यानं दुखणं बरं होत नाही आणि कापणाऱ्याचे हात रक्तानं भरतात. एप्रिल 2020 मध्ये दक्षिण आशियातल्या 64 वटवाघूळ-अभ्यासकांनी मिळून लोकांना विनंती केली होती की कोविडच्या भीतीनं वटवाघळांना मारू नका. थवा हुसकावल्यानं रोग दूर जात नाही; घाबरलेली, उपाशी वटवाघळं विखुरतात एवढंच.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत, उंदीर आणि कावळ्यांच्या रांगेत होती. 2022 च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच गेली. कागदावर एक चूक दुरुस्त झाली. गावात ती दुरुस्त होईल तेव्हा सोयाबीन, कापूस नि तुरीच्या शेतांवर रात्री पतंग टिपणारी पाकोळी आणि मोहाचं बी दूर टाकणारं वाघूळ कोण आहे, हे शेतकरी मुलांना सांगेल.

वटवाघळांचं रक्त तपासण्याचं हे काम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना झेपण्यासारखं आहे. वनविभागाची परवानगी, रेबीजची लस, जाड हातमोजे, बारीक जाळी, कापडी पिशव्या. पंखाच्या शिरेतून एक थेंब, त्याच्या दोन काचपट्ट्या नि गाळणकागदावर एक ठिपका, आणि अर्ध्या तासात वटवाघूळ पुन्हा हवेत. काचपट्टी वाचायला हिवतापाचे जुने टेक्निशियन अजून आहेत. कागदावरच्या ठिपक्यातून जनुक वाचायचं काम मोठ्या प्रयोगशाळेत होईल. मरेल असा एकही प्राणी यात नाही, आणि असू नये. पुढल्या प्रकरणांत हे सगळं पायरीपायरीनं येईल. चित्रं नीट पाहा, घाई करू नका.

तोवर वाचकाकडं एक मागणं आहे. तुमच्या गावात वटवाघळांचं झाड, पडकी विहीर किंवा गढी असेल तर त्याचा ठावठिकाणा, महिना आणि अंदाजे संख्या एका वहीत लिहून ठेवा. दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा. आणि ते झाड तोडायचं ठरलं, तर ग्रामसभेत ती वही घेऊन उभे राहा.